एक पेटी बाकी

बायको गेली तेव्हा तिच्या उजव्या हातात मोबाईल होता. डावा हात मशीनला बांधलेला. सिस्टरनं आधी सुया काढल्या, पट्ट्या मारल्या, मग बोटं सोडवून मोबाईल माझ्याकडं दिला. स्क्रीन चालूच होती. त्यात एक बाई धबधब्यासमोर उभी होती, पाठीला बोचकं, हातात काठी. चालवणारं कुणी नसलं की ती गेममधली बाई जागच्या जागी हलते. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेते, मध्येच मान वळवून मागं बघते. मी बटण दाबून स्क्रीन बंद केली आणि मोबाईल खिशात टाकला. पुढं कागदं, ॲम्ब्युलन्स, पाहुण्यांना फोन. त्या बाईचं मला भान राहिलं नाही.

हे दौंडचं. मी दौंडला रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली केली. वॅगनमधून गोणी पाठीवर घ्यायची आणि ट्रकमध्ये टाकायची. सिमेंट असो, खत असो, गहू असो, पाठीला सगळं सारखंच. शाळा चौथी. बायको भीमेकाठची, वडगाव रासाईची, सातवी शिकलेली. आपल्या घरात डोकं माझं आणि वजन तुमचं, असं ती म्हणायची. खोटं नव्हतं.

साखरेनं तिच्या किडन्या खाल्ल्या. मग एक दिवसाआड दवाखान्यात डायलिसिसचं मशीन. गेल्या गेल्या वजन करायचे, कारण वाढलेलं वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी. डाव्या हातात दोन जाड सुया घालायचे आणि चार तास तो हात हलवायचा नाही. घरी प्यायला पाणी मोजून. नदीत डुंबून वाढलेली बाई ती, आणि पेला मी भरायचो. ती अजून मागायची, मी नाही म्हणायचो. डॉक्टरनं सांगितलं, मी केलं. त्यात माझं चुकलं असं मला वाटत नाही, आणि कुणी तसं सुचवायला लागला तर मी उठून जातो.

शेजारच्या खाटेवर एक जेसीबीवाला असायचा. पस्तिशीचा असेल. दारू नाही, काही नाही, तरी किडन्या गेल्या. त्याचं तोंड कधी बंद नसायचं.

"मावशी, छताकडं बघून काय हुनार? तिथं काय पिच्चर लागलाय व्हय?" असं त्यानं एकदा विचारलं.

"मंग काय करू? हात बांधलाय माजा."

"एक मोकळा हाय की. आना मोबाईल हिकडं."

त्यानं तिच्या मोबाईलमध्ये गेम टाकून दिला. गेम असा की एक बाई डोंगरदऱ्यांतून हिंडते. त्या मुलखाचे भाग पाडलेत. एक जंगलाचा, एक वाळूचा, एक बर्फाचा, एक पडक्या गावाचा, एक धबधब्याचा. दर भागात पेट्या लपवलेल्या असतात. झाडाच्या ढोलीत, भिंतीमागं, पुलाखाली. पेटीच्या जवळ गेलं की घुंगरू हलवल्यासारखा बारीक आवाज येतो. उघडली की आतून नाणी निघतात, कधी टोपी, कधी कंदील. या भागात किती पेट्या राहिल्या तो आकडा वरच्या कोपऱ्यात दिसतो. मारामारी नाही, घाई नाही. म्हणून तिला जमला. मोबाईल पोटावर टेकवायची आणि एकाच हाताच्या अंगठ्यानं बाईला चालवायची, त्याच हाताच्या बोटानं उडी मारायला लावायची.

थोड्याच दिवसांत ती जेसीबीवाल्याच्या पुढं गेली.

"आयला मावशी, मी निम्मा तालुका उकरला, मला एक मडकं घावलं न्हाई. तुमी पडल्या पडल्या सोनं काढताय."

"तुला उकरायचं तेवढं म्हाईत. बघायचं कवा?"

"सोनं निघतंय तर मला एक चहा पाज त्यातनं," मी म्हणालो.

"तुमाला कशाला? सुनंला देनार मी," ती म्हणाली. "तुमी तुमचं पेलं भरा."

खाटेवरची माणसं हसली. मीही हसलो असेन.

मग एका सोमवारी जेसीबीवाल्याच्या खाटेवर दुसराच माणूस होता. तिथं विचारायचं नसतं. विचारायची गरजही पडत नाही. तिनं त्या दिवशी मोबाईल पिशवीतून काढला नाही. पुढच्या वारी काढला.

शेवटी शेवटी ती धबधब्याच्या भागात होती. बाईला धबधब्यासमोर नेऊन उभी करायची आणि नुसती बघत राहायची.

"अवं, बगा तरी. किती पानी हाय."

मी बघत नव्हतो. तिची जीभ कोरडी पडलेली असायची, ओठाला साली निघालेल्या. मशीन अंगातलं पाणी ओढत असायचं आणि ही मोबाईलमध्ये पाणी बघत बसायची. मला ते सोसायचं नाही.

"झाल्या का समद्या पेट्या?" मी एकदा विषय काढायचा म्हणून विचारलं.

"एक हाय अजून."

"मंग शोध की."

"असू द्या."

"दमलीस?"

ती हसली आणि डोळे मिटले. मला वाटलं दमली. त्यानंतर दोन-चार खेपा झाल्या असतील. मग एका सकाळी मशीनवर बीपी खाली गेलं ते वर आलंच नाही.

मुलगा आणि सून दोघंही रांजणगावच्या कंपनीत. राहायला शिक्रापुरात भाड्याची खोली. ते मला न्यायला दौंडला आले तेव्हा घर आवरायचं काम सुनेनं केलं. फळीवरचे डबे एकेक उघडत ती म्हणाली,

"मामा, ह्या समद्या डब्यांत तळाला मूठ मूठ काय ठिवलंय आत्यांनी?"

तांदूळ, ज्वारी, तूरडाळ, मीठ. खरंच प्रत्येकात मूठभर. मी म्हणालो, "तिची खोड हाय ती. भांडं खरवडायचं न्हाई."

नवं धान्य आणलं की जुन्याची मूठ खाली तशीच ठेवून वर नवं ओतायची. घरातला डबा रिकामा करू नये, हे तिच्या आईचं सांगणं. डाळ संपली असं कधी तोंडातून काढलं नाही तिनं. मी जन्मभर तिला त्यावरून बोलत आलो. म्हणायचो, "त्या मुठीत किड्यांची लग्नं लागत्यात." ती म्हणायची, "लागू द्या. आपल्या दारात वरात तरी येती."

"टाकून दे," मी सुनेला सांगितलं. तिनं सगळं एका ताटात काढून चिमण्यांना पसरलं आणि डबे घासून उन्हात पालथे घातले.

शिक्रापूरची खोली पहिल्या मजल्यावर आहे. खाली फॅब्रिकेशनचं दुकान. दिवसभर लोखंड कापायचं मशीन ओरडतं. पलीकडं हायवे, कंटेनर जायला लागला की खिडकी थरथरते. दोघं कामावर गेली की मी आणि हा आवाज. ओळख कुणाशी नाही. शेजारच्या खोल्यांत बिहारकडची पोरं, ती शिफ्टवरून येतात आणि झोपतात. मी दाढी करणं सोडलं. सून काही बोलली नाही, मुलगा बोलला. मग केली.

एक दिवस पिशवीत बायकोचा मोबाईल सापडला. चार्जिंगला लावला तर मुलानं हातात घेऊन बघितला.

"आबा, बॅटरी फुगलीय हिची. मागचं झाकण उचललंय बघा. कधी बी बंद पडंल हा."

"त्यात तिचा गेम हाय."

"असंल की."

"तो तुज्या मोबाईलवर घ्येता येतोय का?"

त्यानं जरा खटपट केली. "न्हाई येत. खातं न काढताच टाकलाय कुणीतरी. हाय ते ह्या मोबाईलमध्येच. हा गेला की गेलं."

ती दोघं कामावर गेल्यावर मी गेम उघडला. बाई तिथंच उभी होती, धबधब्यासमोर. पाय बदलत होती. मला बघून मान वळवली, असं मला वाटलं. ती तशी सगळ्यांनाच बघून वळवते. कोपऱ्यात आकडा होता, एक.

तेव्हा मी ठरवलं की ही पेटी मी काढणार. मोबाईल बंद पडायच्या आत काढणार. तिचं हे एकच काम अर्धं राहिलं होतं, बाकी सगळं आवरून गेली होती. दहाव्याला, तेराव्याला लोकांनी जे सांगितलं ते मी केलं, पण ते लोकांचं होतं. हे तिचं होतं. माझ्या हातून तिच्यासाठी होण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

पहिल्यांदा मी त्या बाईला धबधब्यापासून लांब नेली. ते पाणी मला नको होतं.

माझी बोटं गोण्यांनी घासलेली. मोबाईलला ती बोटं कळतच नाहीत. दाबलं तरी बाई हलायची नाही, आणि हलली की थांबायची नाही. अंगठ्याला खोबरेल लावून मऊ करून बघितला. जरा जमायला लागलं. तरी ती दिवसातून किती वेळा कड्यावरून खाली पडायची. पडली की मरायची आणि लगेच वर उभी राहायची, बोचकं पाठीला, काठी हातात, काही झालंच नाही अशी. लहान पोरांना यात गंमत वाटत असेल. मी मोबाईल पालथा ठेवून खिडकीपाशी जाऊन बसायचो.

शोधायचं कसं हे मला कुणी शिकवलेलं नाही. गुप्तधनाच्या गोष्टी लहानपणी ऐकलेल्या, त्याच कामाला आल्या. म्हातारी माणसं सांगायची, धन पुरतात ते पिंपळाच्या मुळाशी, पडक्या विहिरीत, देवळाच्या उंबऱ्याखाली, चुलीच्या मागं. मी त्या बाईला प्रत्येक मोठ्या झाडाला फेरी मारायला लावली. पडक्या भिंतींच्या कोपऱ्यात उभी केली. एक विहीर होती, तिच्यात उतरवली, तिथं दिवसभर अडकली. कुठं पेटी दिसायची, पण झाकण उघडं. बायकोनं उघडलेली. त्या उघड्या पेट्या बघत बघत मला तिचा रस्ता कळायला लागला. इथनं वर चढली असणार, इथनं पलीकडं उडी मारली असणार. एक पेटी इतक्या उंच सुळक्यावर होती की मला तिथं पोचायला आठवडा गेला, आणि ती माझ्या आधी तिथं जाऊन आलेली. एका हातानं.

मुलगा एकदा चिडला. "आबा, वय काय, करताय काय? लोक हसतील."

"हसू दे. तू डबा घिऊन कामाला जा."

"असं काय असतंय त्या पेटीत?"

"टोपी असती."

त्यानं डबा उचलला आणि गेला.

मोबाईलचं मागचं झाकण आता एवढं उचललं होतं की आत नख जाईल. तापायचा. दुपारी मी तो ओल्या फडक्यावर ठेवून खेळायचो. धबधबा सोडून त्या भागातली एक जागा शिल्लक ठेवली नाही. शेवटी तिकडं जाणं भाग पडलं.

तो गुरुवार होता. गुरुवारी आमच्याकडं लाईट नसते, कंपनीला सुट्टी, खालचं दुकानही बंद. लोखंड कापायचं मशीन गप्प, पंखा गप्प. मुलगा बाहेर गाडी धूत होता, सून आत कपडे घड्या करत होती. मी त्या बाईला धबधब्यासमोर नेलं, जिथं बायकोनं तिला सोडली होती त्याच दगडावर. आणि आवाज आला. घुंगरू हलवल्यासारखा. इतके दिवस लोखंडाच्या आवाजात मला तो ऐकू आला नसता आणि मी ऐकायला तिथं गेलोही नव्हतो.

मी बाईला पाण्यात घातली. पडदा बाजूला झाल्यासारखं पाणी फाटलं आणि मागं एक कपार निघाली. आत पेटी. बंद. मी अंगठा कपड्याला पुसला आणि दाबला.

पेटी उघडली. आत नाणी आणि एक निळी टोपी. वाजंत्री वाजली, वर कुठंतरी झेंडा चढला, आणि त्या बाईनं दोन्ही हात वर केले. कोपऱ्यातला आकडा गेला.

मला वाटलं होतं काहीतरी होईल. सुटल्यासारखं वाटेल, नाहीतर रडू तरी येईल. काही झालं नाही. बाई हात खाली करून परत पाय बदलत उभी राहिली.

वाजंत्री ऐकून सून आली. "घावली का मामा?"

"घावली."

"कुठं हुती?"

"पान्याच्या मागं."

तिनं मोबाईल घेतला, कुठंतरी दाबलं, दोन बोटं जवळ ओढली. सगळा मुलूख वरून दिसायला लागला, घारीला दिसावा तसा. मला हे असतं हे ठाऊक नव्हतं.

"मामा, हितं तर निशानी लावलेली हाय की आत्यांनी. लाल फूल. त्याच कपारीवर. तुमी नकाशा बघितला न्हाई का?"

"कसला नकाशा?"

ती नकाशावर बोट पुढं सरकवत गेली. दर भागावर एक गोल होता. जेवढ्या पेट्या उघडल्या तेवढा तो पिवळा झालेला. धबधब्याचा गोल पूर्ण पिवळा, वर झेंडा. जंगलाच्या गोलाला नखाएवढी जागा काळी. वाळूच्याही. बर्फाच्याही. पडक्या गावाच्याही. सून एकेकावर दाबत गेली आणि आकडा येत गेला. एक. एक. एक. एक. आणि प्रत्येक भागात कुठंतरी एक लाल फूल.

"आत्यांना एकेक घावलीच न्हाई वाटतं," सून म्हणाली. मग तिचं तिलाच पटलं नाही. "पर घावल्याबिगर फूल कसं लावतील?"

तिनं बाईला जंगलात नेली. पोरीला सफाईनं येत होतं. फुलाच्या जागी एक म्हातारं झाड, त्याला ढोली, ढोलीत पेटी. बंद. लाईट नव्हती म्हणून घुंगरू खोलीभर ऐकू येत होतं. सुनेचं बोट उघडायच्या खुणेवर गेलं.

मी तिचा हात धरला. सुनेचा हात धरायची आमच्यात पद्धत नाही. धरला.

तिनं माझ्याकडं बघितलं, मग पेटीकडं बघितलं. बोट मागं घेत म्हणाली, "डब्यावानी."

मी मान हलवली. 

एक हाय अजून. असू द्या. तिनं मला तोंडानं सांगितलं होतं. ती त्या पाण्यासमोर उभी राहायची ते तहानेनं, असं मी धरून बसलो होतो. तहान असेलच. पण पेटी कुठं आहे हे तिला माहीत होतं आणि ती मला दाखवत होती, बगा तरी म्हणत होती, आणि मी भिंतीकडं बघत होतो.

"परत बंद हुती का गं ती?" मी विचारलं.

"काय?"

"उघडलेली पेटी."

"न्हाई मामा. उघडली की उघडली." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "पहिल्यापासनं परत सुरू केलं तर समद्या बंद हुत्यात. पर मग आत्यांचं समदं जाईल."

"नको."

तिनं मोबाईल माझ्या हातात दिला आणि घड्या करायला गेली. मी बाईला जंगलातून काढली नाही. तिथंच त्या झाडापाशी ठेवली आणि स्क्रीन बंद केली.

पुढं काही दिवसांनी मोबाईल बंद पडला. झाकण तर आधीच निघालं होतं. मुलानं फुगलेली बॅटरी काढून बाजूला केली आणि म्हणाला, "नवी टाकून आनतो. तासाभराचं काम हाय."

"नको."

"अवं, सुरू हुईल."

"म्हनून तर नको."

त्याला कळलं नाही. मी समजावलं नाही. माझा हात मला ठाऊक आहे. समोर गोणी दिसली की ती उचलायची, एवढंच तो जन्मभर शिकला. मोबाईल सुरू झाला तर दुपारी एकटा असताना मी त्या झाडापाशी जाणार, आवाज ऐकणार, आणि कधीतरी अंगठा पुढं होणार. आता तो काळा पडलाय तेच बरं. एक पेटी मी घालवली. बाकीच्या तिनं ठेवल्यात तशा आहेत.

परवा कंपनीच्या सोसायटीतून तांदळाचं पोतं आलं. सुनेनं जुना डबा खाली घेतला, तळ बघितला, आणि माझ्याकडं वळून विचारलं, "मामा, ठिवू का?"

मी म्हणालो, "तुजं घर, तुजा डबा."

मी खिडकीकडं तोंड करून बसलो होतो. मागं तांदूळ ओतल्याचा आवाज आला, झाकण लावल्याचा आला. तळाला जुन्याची मूठ होती की नाही ते मला माहीत नाही. डबा माझ्या हाताला येईल अशा फळीवर आहे. मी झाकण काढून बघितलेलं नाही.